खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी घरी सम्प आणि रेफ्युजियम बांधताना

आपल्याकडे 120 सेंमी लांब, 45 सेंमी रुंद आणि 50 सेंमी उंच अशी प्रवाळांची टाकी आहे. तिच्या खालच्या कपाटात घरीच सम्प, म्हणजे मुख्य टाकीचे पाणी फिरवून शुद्ध करण्यासाठीची दुसरी टाकी, बांधून त्यात रेफ्युजियमचा, म्हणजे शैवाल आणि बारीक जीव वाढवण्याचा, कप्पाही करावा, असा आपला विचार आहे. माप किती धरावे, कप्पे कसे पाडावेत, घरात पडून असलेली जुनी काचेची टाकी वापरता येईल का, शैवाल वाढू लागल्यावर स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र, काढून टाकता येईल का आणि रेफ्युजियममध्ये वाढणाऱ्या कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवांवर मँडरिन मासा जगेल का, असे पाच प्रश्न आपण विचारले आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंचे उत्तर एकत्रच द्यावे लागते आणि तेच सर्वांत लांब आहे.

सम्पचा आराखडा बहुतेक जण पंप चालू आहे असे धरून काढतात. तो पंप बंद पडल्याच्या क्षणापासून उलटा काढत यावा, असे माझे ठाम मत आहे. घरगुती सम्पचे पाणी जमिनीवर येते तेव्हा पुष्कळदा काच शाबूत असते, सांधे कोरडे असतात आणि चिकटवणीही चांगली झालेली असते. वीज गेल्यावर किंवा नळी तुंबल्यावर किती पाणी कुठे जाईल, याची बेरीज मात्र कोणी केलेली नसते.

ही बेरीज आपल्याच टाकीच्या मापांवर करून पाहू. वरच्या टाकीचा पृष्ठभाग 120 × 45 म्हणजे 5,400 चौरस सेंमी आहे, त्यामुळे पातळी 1 सेंमीने उतरली की 5.4 लिटर पाणी खाली येते. पंप चालू असताना पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी खाली सम्पकडे सोडणाऱ्या पेटीच्या, काठावरील दात्यांच्या तळापेक्षा सुमारे दीड सेंमी वर असते; पंप थांबताच हे 8 लिटर उतरणारच, ते टाळता येत नाही. त्यानंतर ओव्हरफ्लो थांबतो, पण सम्पमधून पाणी वर नेणारी रिटर्नची नळी थांबत नाही. तिचे तोंड पाण्याखाली असेपर्यंत ती उलटा सायफन होऊन टाकी उपसत राहते. हे तोंड दात्यांच्या तळाच्या 2 सेंमी खाली असेल तर आणखी 11 लिटर येतात. दगडांपर्यंत प्रवाह पोहोचावा म्हणून ते 10 सेंमी खाली नेले असेल तर 54 लिटर. ओव्हरफ्लोची पेटी आणि नळ्या यांतले 4 लिटर धरले की पहिल्या बाबतीत एकूण 23 आणि दुसऱ्या बाबतीत 66 लिटर पाणी सम्पमध्ये उतरते.

आता खाली जागा किती आहे ते पाहू. 8 मिमी काचेचा, बाहेरून 90 × 40 × 40 सेंमी असलेला सम्प आतून साधारण 88 × 38 सेंमी भरतो, म्हणजे 1 सेंमी उंचीला 3.3 लिटर. बाहेरची मापे धरून केलेला हिशेब नेहमी फसवा असतो, म्हणून मोजपट्टी आतून लावावी. चालू स्थितीत कप्प्यांची सरासरी पातळी साडेबावीस सेंमी ठेवली आणि काठाखाली थोडी जागा सोडून 36 सेंमीपर्यंतच पाणी येऊ द्यायचे ठरवले, तर साडेतेरा सेंमी, म्हणजे सुमारे 45 लिटर पाणी मावते. 23 लिटर त्यात आरामात बसतात आणि तेवढीच जागा राखीव राहते. 66 लिटर आले तर वीसेक लिटर जमिनीवर जातील. तेव्हा रिटर्नचे तोंड पृष्ठभागाजवळच ठेवावे आणि दगडांमधला प्रवाह वेव्हमेकरवर, म्हणजे टाकीतच पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपावर, सोपवावा. सायफन तोडण्यासाठी नळीला बारीक भोक पाडणे किंवा पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह बसवणे हे उपाय सर्रास सुचवले जातात. भोक शैवालाने किंवा मिठाच्या खपलीने बुजते आणि चेक व्हॉल्व्हमध्ये गोगलगायीचे एक पिल्लू अडकले तरी तो नीट मिटत नाही. हे दोन्ही जरूर वापरा, पण हिशेबात त्यांना शून्य धरा.

दुसरी स्थिती याच्या नेमकी उलट आहे: पंप चालू आणि ओव्हरफ्लो तुंबलेला. अशा वेळी पंप रिटर्नच्या कप्प्यातले पाणी आपले तोंड उघडे पडेपर्यंत वर चढवत राहतो. हा कप्पा 20 × 38 सेंमीचा आणि पंपाच्या तोंडावर 12 सेंमी पाणी असेल तर सुमारे 9 लिटर वर जातील आणि मुख्य टाकीची पातळी पावणेदोन सेंमीने वाढेल. आधीचे दीड सेंमी धरून ओव्हरफ्लोच्या दात्यांचा तळ टाकीच्या काठापासून 5 सेंमी खाली असला तर टाकी सांडत नाही. रिटर्नचा कप्पा मोठा केला की पंप उशिरा कोरडा पडतो, हे खरे; पण तुंबल्यावर वर जाणारे पाणीही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून हा कप्पा हवा तेवढा वाढवता येत नाही.

या जागी एक गोष्ट हमखास सुटते. बाष्पीभवनाची भरपाई करणारे स्वयंचलित यंत्र, म्हणजे एटीओ, रिटर्नच्या कप्प्यातील पातळीवर चालते. ओव्हरफ्लो तुंबून ही पातळी उतरली की त्या यंत्राला पाणी उडून गेल्यासारखेच वाटते आणि ते गोडे पाणी ओतत सुटते. राखीव डबा 20 लिटरचा असेल तर ते सगळे पाणी वर जाऊन पातळी आणखी साडेतीन सेंमीहून अधिक वाढते. टाकी सांडते आणि क्षारताही घसरते. म्हणून ठरावीक मिनिटांनंतर आपोआप थांबणारे एटीओ घ्यावे, किंवा राखीव डबा दोन-तीन दिवसांपुरताच ठेवावा. डब्यात मीठ न घातलेले आरओ पाणीच असावे, कारण उडून जाते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात.

माप ठरले की कप्पे पाडणे तुलनेने सोपे आहे. स्किमर, मग रेफ्युजियम, मग रिटर्न अशी सरळ ओळ सर्वत्र दिसते. मी मात्र रिटर्न मध्ये ठेवून एका बाजूला स्किमर आणि दुसऱ्या बाजूला रेफ्युजियम ही मांडणी पसंत करतो. सरळ ओळीत सगळा प्रवाह शैवालातून जातो. तो कमी केला तर सगळ्या टाकीचा प्रवाह कमी होतो, आणि वरून येणारा गाळ शैवालाच्या गुंत्यात अडकून बसतो. मधल्या रिटर्नच्या मांडणीत पंपाच्या नळीला एक टी जोडून, त्यावर व्हॉल्व्ह बसवून, रेफ्युजियमला हवे तेवढेच पाणी देता येते. तिथून ते मधल्या आडकाचेवरून पुन्हा रिटर्नमध्ये सांडते. उद्या रेफ्युजियम काही दिवस बंद ठेवावे लागले तरी बाकीची व्यवस्था चालू राहते.

आपल्या 88 सेंमी लांबीत मी डावीकडे 30 सेंमी स्किमरसाठी, त्यानंतर सुमारे 9 सेंमी बुडबुडे अडवणाऱ्या तीन आडकाचांसाठी, मग 20 सेंमी रिटर्नसाठी आणि उरलेले साडेअठ्ठावीस सेंमी रेफ्युजियमसाठी ठेवीन. रेफ्युजियममध्ये 24 सेंमी पाणी धरले तर सुमारे 26 लिटर भरतात; मुख्य टाकीच्या दहा टक्क्यांच्या आसपास हे प्रमाण येते आणि एवढ्या जागेत ते पुरेसे आहे. स्किमरच्या कप्प्याची पातळी त्याच्यापुढच्या पहिल्या आडकाचेच्या उंचीवरून ठरते. स्किमर कोणत्या पातळीला नीट चालतो हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते, म्हणून स्किमर आधी निवडावा आणि काच नंतर कापून घ्यावी. मी येथे 23 सेंमी धरले आहेत.

तीन आडकाचांपैकी पहिलीच्या वरून, दुसरीच्या खालून आणि तिसरीच्या वरून पाणी जाते. दुसरी काच तळापासून साडेतीन सेंमी उचलून बसवावी आणि काचांमधले अंतरही साडेतीन सेंमी ठेवावे. तासाला 1,000 लिटर प्रवाहाला 38 × 3.5 सेंमीच्या फटीतून पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 2 सेंमी पडतो. फट दीड सेंमी केली तर तो 5 सेंमीच्या जवळ जातो आणि बारीक बुडबुडे वर तरंगण्याऐवजी पाण्याबरोबर खाली ओढले जाऊन मुख्य टाकीत पोहोचतात. तिसरी काच पहिलीपेक्षा एक सेंमीच कमी, म्हणजे 22 सेंमी ठेवावी. फरक जास्त ठेवला तर पाणी उंचावरून पडते आणि बुडबुडे अडवायच्या जागीच नवे तयार होतात. याच कारणाने रिटर्नची चालू पातळी 20 सेंमीच्या फार खाली जाऊ देऊ नये.

हीटर स्किमरच्या कप्प्यात असावा. तेथील पातळी पंप बंद पडला तरी उतरत नाही. रिटर्नच्या कप्प्यात ठेवलेला हीटर एखाद्या दिवशी उघडा पडून तडकतो.

आता जुन्या टाकीचा प्रश्न. ती वापरता येते, पण तीन अटींवर. पहिली, तिची मापे वरच्या हिशेबात बसली पाहिजेत. दुसरी, तिच्यात पूर्वी कधी तांबेयुक्त औषध वापरलेले नसावे. तांबे सिलिकॉनमध्ये आणि चुन्याच्या थरात मुरून राहण्याची शक्यता असते आणि ते प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय या सगळ्यांना घातक आहे. तिसरी, मूळ सांधे टणक आणि सलग असावेत. सांधा कोपऱ्यात सुटू लागला असेल तर त्यावर नवे सिलिकॉन फासून काही साधत नाही, कारण नवे सिलिकॉन जुन्याला धरत नाही. जुने पात्याने पूर्ण खरवडून, काच अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सांधा मुळापासून करावा लागतो. आडकाचांच्या जागीही हीच सफाई हवी.

आडकाचांसाठी अ‍ॅक्रिलिक कापायला सोपे म्हणून अनेकांना मोह होतो. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला काचेइतके धरत नाही आणि अ‍ॅक्रिलिक पाणी शोषून किंचित फुगते, वाकते. काचेच्या सम्पला 5 किंवा 6 मिमी काचेच्याच आडकाचा लावाव्यात आणि त्या आतल्या रुंदीपेक्षा 3 मिमी कमी कापून घ्याव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंना सिलिकॉनला जागा राहते. ठोकून बसवलेली काच कधीतरी बाजूच्या काचेवर ताण आणते. काठ घासून बोथट करून घ्यावेत, कारण या कप्प्यांत पुढची अनेक वर्षे आपलाच हात जाणार आहे. सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेले, मत्स्यालयासाठीचे असावे. स्नानगृहासाठी विकल्या जाणाऱ्या नळ्यांत बुरशीनाशक असते. सांधा सरळ यावा म्हणून त्याच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी लावावी, सिलिकॉन भरून बोटाने एकाच ओढीत दाबावे आणि ते ओले असतानाच पट्टी काढावी. व्हिनेगरसारखा वास जाईपर्यंत, सुमारे आठवडाभर, हात लावू नये. नंतर गोडे पाणी काठोकाठ भरून दोन दिवस सम्प कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवावा. बारीक गळती डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर उमटते. ही चाचणी कपाटाच्या आत करू नये.

ओव्हरफ्लोसाठी मुख्य टाकीला भोक असणे सर्वांत भरवशाचे. मात्र टाकी चालू आहे, त्यामुळे आधीच भोक नसेल तर ती रिकामी केल्याशिवाय काम होणार नाही, आणि काच टेंपर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, असेल तर मुळीच होणार नाही. टेंपर्ड काच ड्रिल लागताच चुरा होऊन कोसळते. तळाची काच टेंपर्ड आणि बाजूच्या साध्या, असे पुष्कळदा असते. ओळखण्याची एक रीत अशी: काचेच्या एका बाजूला लॅपटॉपचा पांढरा पडदा चालू ठेवून दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगल लावून पाहावे, टेंपर्ड काचेत गडद ठिपके किंवा रंगीत पट्टे दिसतात. साधी काच असेल तर हिऱ्याच्या कणांचे पोकळ बिट, सतत पाणी आणि हलका दाब एवढ्यावर भोक पडते. बल्कहेड, म्हणजे भोकात बसवून नळी जोडण्याचा सांधा, आधी विकत घ्यावा आणि त्याच्या मापाचे बिट मग आणावे. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत किमान भोकाच्या व्यासाइतके अंतर सोडावे. बल्कहेडचे रबर पाण्याकडच्या, बशीच्या बाजूला येते. नट हाताने आवळून वर थोडा फिरवला की पुरे, पान्याने जोर लावला तर काच जाते.

टाकी रिकामी करणे शक्य नसेल तर काठावर टांगायचा सायफन ओव्हरफ्लो हा एकच मार्ग उरतो. त्याच्या यू-नळीत वर हळूहळू हवा साठते आणि एखाद्या दिवशी सायफन तुटतो. मग पंप वर पाणी ढकलत राहतो. असा ओव्हरफ्लो वापरणाऱ्याने दुसऱ्या स्थितीची बेरीज दोनदा तपासावी.

भोके पाडणे शक्य असेल तर दोन पाडावीत. एकात पूर्ण भरून वाहणारी मुख्य नळी, दुसऱ्यात तिच्यापेक्षा काही सेंमी उंच, मोकळी, आणीबाणीची नळी. मुख्य नळीच्या खालच्या टोकाशी गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह इतका आवळावा की पेटीतील पातळी दोन नळ्यांच्या तोंडांमध्ये स्थिरावेल. हवा आत जात नसल्याने गुळगुळ आवाज थांबतो. बॉल व्हॉल्व्हने हे बारीक नियंत्रण साधत नाही. आणीबाणीच्या नळीवर कधीही व्हॉल्व्ह लावू नये. मुख्य नळीचे टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवावे. खोल बुडवले तर पंप पुन्हा सुरू झाल्यावर नळीतली हवा बाहेर पडत नाही. दात्यांच्या लांबीचा ढोबळ हिशेब सेंमीला तासाला 100 लिटर असा आहे, म्हणजे आपल्याला 10 ते 15 सेंमी पुरतील. मी 20 ठेवीन. रिटर्न पंप टाकीच्या आकारमानाच्या तासाला चौपट, म्हणजे साधारण 1,000 लिटर प्रत्यक्ष देणारा असावा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, तेव्हा दीड मीटर चढाईला किती पाणी येते ते त्याच्या आलेखावर पाहावे. नळ्या, युनियन, एल्बो सगळे पीव्हीसीचे. पितळ, तांबे, जस्ताचा मुलामा असलेले काहीही पाण्याला लागू देऊ नये.

रेफ्युजियमकडे वळतो. शैवालाने पाणी शुद्ध करण्याची कल्पना जुनी आहे. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर अ‍ॅडी यांनी 1980च्या सुमारास प्रवाळभिंतीवरील शैवालाच्या गवताळ थरांवरून शैवाल स्क्रबर विकसित केला आणि मोठ्या टाक्या त्यावर चालवून दाखवल्या. आपल्या कप्प्यातले काम त्याच तत्त्वाचे, फक्त शैवाल वेगळे. शैवाल वाढताना नायट्रोजन आणि फॉस्फरस आपल्या शरीरात बांधते. मात्र ते कापून बाहेर टाकेपर्यंत टाकीतून काहीही कमी झालेले नसते. न कापता ठेवलेले शैवाल आतून सडू लागते आणि घेतलेले सगळे परत देते. म्हणून रेफ्युजियमची जागा अशी हवी की झाकण आणि दिवा न काढता हात आत जाईल. ज्या कप्प्यात हात घालणे त्रासाचे, तिथले शैवाल कोणी कापत नाही.

शैवालांत चीटो, म्हणजे कीटोमॉर्फा, पहिल्या निवडीचे. ताठ हिरव्या तारांचा गोळा असतो, मुळे नसतात, दगडाला चिकटत नाही आणि अर्धा तोडून घेता येतो. ग्रॅसिलेरिया लाल, हळू वाढणारे आणि माशांना खायला घालण्याजोगे. कॉलर्पा झपाट्याने वाढते, पण कधीकधी एका रात्रीत सगळी वनस्पती आपले बीजद्रव्य सोडून पांढरी पडते, पाणी दुधाळ होते आणि त्यातला प्राणवायू घसरतो. दिवा चोवीस तास ठेवल्याने हे टळते असा अनेकांचा अनुभव आहे. तरी मी ती घेत नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही जात 1984मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात आढळली आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर दूरवर पसरली. 2000मध्ये ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडली तेव्हा ती नष्ट करायला काही वर्षांची मोहीम लागली. कोणतेही कापलेले शैवाल गटारात किंवा समुद्राजवळ टाकू नये. उन्हात वाळवून कचऱ्यात द्यावे.

चीटो आणल्यावर एका पांढऱ्या बादलीत, टाकीच्याच खाऱ्या पाण्यात, पिंजून पाहावे. हिरवे काचमण्यासारखे व्हॅलोनियाचे फुगे, एप्टेशियाचे तपकिरी छोटे फूल किंवा ब्रायोप्सिसची पिसे दिसली तर तेवढा भाग काढून फेकावा. व्हॅलोनियाचा फुगा पाण्यात फोडू नये.

शैवाल वाढत नाही अशी तक्रार आली की मी आधी दिव्याची चौकशी करतो. कपाटातल्या साध्या बल्बवर चीटो जेमतेम जगते. लाल 660 नॅनोमीटरच्या आसपासचा आणि थोडा निळा प्रकाश देणारा एलईडी, किंवा 6,500 केल्व्हिनचा तेजस्वी पांढरा फ्लड, पाण्याच्या 15 ते 20 सेंमी वर, रात्री 10 ते 14 तास लावावा. रात्रीच का, तर मुख्य टाकीचे दिवे बंद झाल्यावर प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. खालचा दिवा उलट वेळी चालवल्याने ही उतरण सौम्य होते. दिव्याचा उजेड रिटर्नच्या कप्प्यात सांडू देऊ नये, नाहीतर पंपावर आणि एटीओच्या सेन्सरवर शैवाल चढते. मधल्या आडकाचेला बाहेरून काळा प्लास्टिकचा पत्रा टेकवला की काम होते. गोळ्याच्या खालच्या भागापर्यंत उजेड जावा म्हणून प्रवाह असा द्यावा की गोळा हळूहळू उलटत राहील. तासाला 250 लिटर त्याला पुरतात.

वाळूबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. 10 ते 15 सेंमी बारीक अ‍ॅरागोनाइट वाळूचा खोल थर घातला तर तळातल्या प्राणवायूरहित भागात जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, हे खरेच. पण साडेअठ्ठावीस सेंमीच्या कप्प्यात तो थर शैवालाची निम्मी जागा खातो, गाळ धरून ठेवतो आणि पुढे कधी उकरला गेला तर हायड्रोजन सल्फाइड सुटण्याचा धोका असतो. तळ उघडा ठेवावा, त्यावर लाइव्ह रॉकचे, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेल्या दगडांचे, मुठीएवढे आठ-दहा तुकडे जाळीच्या टोपलीत ठेवावेत. त्यांच्या फटींत कोपेपॉड आणि अ‍ॅम्फिपॉड वाढतात, आणि टोपली उचलून तळाचा गाळ नळीने ओढून घेता येतो.

नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास असले की प्रवाळ आणि चीटो दोन्ही समाधानी असतात. दोन्ही शून्यावर नेण्याच्या हट्टाने प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जिवांची तपकिरी, बुडबुडे धरलेली साय येते. नायट्रेट संपून फॉस्फेट तेवढे चढते राहिले असेल तर शैवालाची वाढ नायट्रोजनअभावी अडलेली असते. अशा वेळी दिवा वाढवून उपयोग नाही, माशांना थोडे जास्त खाऊ घालावे. गोळा पाणी निथळवून दर दोन आठवड्यांनी तराजूवर ठेवला तर वाढीचा अंदाज पाण्याच्या चाचणीपेक्षा आधी येतो. जेवढे वजन वाढले तेवढे कापावे.

यावरून स्किमरचे उत्तर निघते. शैवाल अमोनियम, नायट्रेट, फॉस्फेट ही विरघळलेली अजैविक द्रव्ये घेते. स्किमर प्रथिनांसारखी सेंद्रिय द्रव्ये कुजण्यापूर्वीच फेसाबरोबर बाहेर काढतो आणि पाण्यात भरपूर हवा मिसळतो. दोघांची कामे वेगळी आहेत. कमी माशांच्या टाक्या नुसत्या शैवालावर चालतात, पण रात्री वीज गेली, एखादा मासा दगडाआड मेला, की हवेचा आधार स्किमरकडूनच मिळतो. तो काढू नका. नायट्रेट फारच उतरले तर रोज काही तास बंद ठेवा, तेवढे पुरे.

सगळे जोडल्यावर वीज जोडण्याआधी प्लगचा बोर्ड सम्पच्या काठापेक्षा वर, भिंतीवर आहे याची खात्री करावी. प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली लोंबलेली असावी, म्हणजे वायरवरून उतरणारा थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. या मंडलावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असावा आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

मग पंप चालू करून रिटर्नची पातळी 20 सेंमीवर आणावी आणि काचेवर पक्क्या शाईने रेघ मारावी. पंपाचा प्लग काढून पाणी उतरायचे थांबेपर्यंत वाट पाहावी. सम्प कुठवर भरला तिथे दुसरी रेघ. दुसरी चाचणी हिंमतीची आहे, पण ती टाळू नये: एटीओ बंद ठेवून मुख्य नळीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि सगळे पाणी आणीबाणीच्या नळीतून जाते का, वर पातळी किती चढते, ते टाकीपाशी उभे राहून पाहावे. यापुढे पाणी घालताना चालू स्थितीत पहिल्या रेघेच्या वर कधीही जाऊ नये. मिठाचे नवे पाणी घालण्याच्या दिवशी घाईत ही रेघ ओलांडली जाते आणि त्याच रात्री वीज गेली की जमीन ओली होते.

राहिला मँडरिन. तो दिवसभर दगडांवरून कोपेपॉड टिपत फिरतो आणि त्याची भूक 26 लिटरच्या कप्प्यात वाढणाऱ्या जिवांपेक्षा पुष्कळ मोठी असते. रेफ्युजियममधून पॉड रिटर्नमध्ये येतात, पंपातून बहुतेक जिवंत वर जातात, पण एवढ्या पुरवठ्यावर तो काही आठवड्यांत खंगतो. पोट आत जाते आणि डोक्यामागची पाठ धारदार दिसू लागते. आपल्या टाकीत तो ठेवायचाच असेल तर आधी सहा-आठ महिने दगड मुरू द्यावेत, पॉडवर ताव मारणारे रॅससारखे मासे ठेवू नयेत आणि दुकानातच गोठवलेले अन्न डोळ्यांसमोर खाणारा मासा निवडावा. रात्री दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने लाल टॉर्चने काच पाहावी. कोपऱ्यांत पांढरे ठिपके सरसर पळताना दिसत नसतील तर तो मासा अजून आणू नये.